कोंबडी कंपनीची, कर्ज आपले

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा येथील कारोबार धान, राईस मिल, तेंदूपत्ता आणि बिडी यांवर चालत होता आणि बऱ्याच अंशी आजही तसाच चालतो. ज्याच्या बांधीला उन्हाळी पाणी नाही त्याचे वर्ष एका पिकावर निघते. अशा शेतकऱ्याला दर दीड-दोन महिन्यांनी रोख पैसा देणारा जोडधंदा हवाच असतो. कोंबडीपालनाचा करार घेऊन गावात येणारा कंपनीचा माणूस नेमके हेच सांगतो : पिल्ले आमची, खाद्य आमचे, औषध आमचे, डॉक्टर आमचा, विक्रीची जिम्मेदारी आमची. तुमचे फक्त शेड, पाणी, वीज आणि मेहनत.

यातला एकेक शब्द खरा असतो. मात्र शेड हा शब्द इतक्या हलक्या आवाजात उच्चारला जातो की ऐकणाऱ्याला तो पाणी-विजेच्या रांगेतलाच वाटतो. या लेखात त्या एका शब्दाचाच हिशेब मांडायचा आहे.

हा धंदा आपल्या भागाला परका नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे राजनांदगाव लागते. तेथील बहादूर अली यांनी १९८०च्या दशकात छोट्या प्रमाणावर सुरू केलेला कारोबार आज आयबी ग्रुप या नावाने देशातील मोठ्या पोल्ट्री उद्योगांत गणला जातो. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली आणि कोंबडी हा परसातला पक्षी न राहता कारखान्याचा माल झाला. करारपद्धतीचे श्रेय मात्र तामिळनाडूला दिले जाते. उडुमलपेटच्या सुगुणा कंपनीने १९९०च्या सुमारास मोजक्या शेतकऱ्यांना पिल्ले व खाद्य देऊन पक्षी परत घेण्यास सुरुवात केली. त्या काळी खाद्य उधारीवर घेऊन कर्जात बुडालेले शेतकरी शेड बंद करीत होते, त्यांना ही पद्धत आधाराची वाटली.

मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जेसी ज्युएल नावाचा एक खाद्यविक्रेता होता. १९३०च्या दशकातील मंदीत शेतकऱ्यांकडे खाद्य घ्यायला पैसा नव्हता. त्याने पिल्ले आणि खाद्य उधार दिले व वाढलेले पक्षी स्वतः उचलले. म्हणजे करारी कोंबडीपालन एका दुकानदाराच्या डोक्यातून निघाले, आणि माझ्यासारख्या कापडवाल्याला त्यात नवल वाटत नाही, कारण आमच्या धंद्यात हीच रीत फार पूर्वीपासून आहे. मालेगाव-भिवंडीत व्यापारी बीम आणि सूत देतो, माग कारखानदाराचा, कापड व्यापाऱ्याचे, आणि विणणाऱ्याला पिकाच्या हिशेबाने मजुरी. माल कधीच विणणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. बाजार तेजीत असला की दिवसरात्र खटखट चालते. मंदी आली की व्यापारी बीम देणे थांबवतो. त्याचे नुकसान तेथेच थांबते. माग घेणाऱ्याचे तेथून सुरू होते, कारण मागाचे कर्ज व विजेचे किमान बिल थांबत नाही. ब्रॉयलरचा करार समजून घ्यायचा असेल तर शेडच्या जागी माग आणि पिल्लाच्या जागी बीम ठेवून पाहावे.

आता आकडे. पुढील रकमा मी उदाहरणादाखल धरल्या आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा.

समजा ५,००० पक्ष्यांचे शेड आहे. एका पक्ष्याला सव्वा चौरस फुटाच्या आतबाहेर जागा धरली तर सहा हजार चौरस फुटांपर्यंत बांधकाम येते. घरची पुंजी घालून वर बँकेचे १० लाख कर्ज घेतले, मुदत ७ वर्षे, व्याज ११ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार, वर्षाचे २ लाख ५ हजार. पाच हजार पिल्ले आली, पाच टक्के मरतूक झाली, उरलेले पक्षी ४० दिवसांच्या आसपास सरासरी २ किलो १०० ग्रॅमचे होऊन गेले. एकूण वजन जवळपास १० हजार किलो. संगोपन मजुरी, ज्याला कंपनीवाले ग्रोइंग चार्ज म्हणतात, किलोला ७ रुपये धरली तर ७० हजार रुपये झाले. त्यातून वीज, तूस, पिल्लांना ऊब द्यायचा कोळसा किंवा गॅस, चुना, एखादा मजूर असे २५ हजार वजा करा. हाती ४५ हजार. घरच्या माणसांची मेहनत यात धरलेलीच नाही.

पक्षी गेल्यावर खत काढणे, धुणे, चुना मारणे आणि शेड पंधरा दिवस मोकळे ठेवणे धरून वर्षाला सहा बॅच निघू शकतात. सहा बॅचचे २ लाख ७० हजार, हप्ते जाऊन ६५ हजार उरले. पाच बॅच निघाल्या तर २० हजार उरले. चारच निघाल्या तर २५ हजार खिशातून भरावे लागले. कोंबडी मेली नाही, भाव पडला नाही, शेतकऱ्याने आळस केला नाही, तरी वर्षात दोन बॅच कमी पडल्याने नफ्याचा तोटा झाला.

आता करार उघडून पाहा. पिल्ले कोणत्या जातीची, मरतूक किती टक्क्यांपर्यंत माफ, खाद्य किती लागले पाहिजे, शेडमध्ये कोणाला येऊ द्यायचे नाही, घरी गावरान कोंबडी पाळायची नाही, हे सगळे बारकाईने लिहिलेले असते. वर्षातून किती वेळा पिल्ले देऊ हे मात्र बहुधा कोठेच लिहिलेले नसते. पिल्ले कधी टाकायची हा कंपनीचा अधिकार. बाजारात माल जास्त झाला की कंपनीचा पहिला उपाय म्हणजे पिल्ले कमी टाकणे. व्यापारी म्हणून मी त्यांना दोष देत नाही; गोदाम भरलेले असताना मीही नवीन गाठी मागवत नाही. परंतु माझे गोदाम माझे आहे. येथे कंपनीचे गोदाम शेतकऱ्याच्या कर्जावर उभे आहे, आणि ते रिकामे ठेवण्याचे भाडे कोणी देत नाही.

मागील वर्षी आमगाव तालुक्यातील एक जुने गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता काढायला दुकानात आले. माल काढून झाल्यावर पैशाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "सेठ, शेड दोन महिन्यांपासून रिकामे आहे, सुपरवायझर म्हणतो पुढच्या आठवड्यात पिल्ले टाकतो, आणि हे तो पाच आठवड्यांपासून म्हणतो." मी कराराचा कागद मागवून घेतला. कागद इंग्रजीत होता. माझी शाळा उर्दू माध्यमाची. इंग्रजी मी मिलच्या बिलांवरून आणि बँकेच्या पत्रांवरून शिकलो, तेव्हा सगळा वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. ज्याने त्यावर सही केली होती त्याला त्यातले एक वाक्यही कोणी मराठीत समजावून सांगितले नव्हते. इकरारनामा दोघांचा असतो असे आपण म्हणतो. यात एकाची कर्तव्ये चार पाने होती आणि दुसऱ्याची अर्धे पान.

आता मजुरीकडे येऊ, कारण ७ रुपये म्हणजे ७ रुपयेच मिळतील असे नाही. कंपनी एक प्रमाण उत्पादन खर्च ठरवते. बॅच संपल्यावर पिल्लांची किंमत, खाद्य, औषधे आणि कंपनीचा वरखर्च मिळून एकूण वजनाला भागतात. आलेला आकडा प्रमाणापेक्षा कमी असेल तर शेतकऱ्याला बक्षीस, जास्त असेल तर कपात. सगळा खेळ खाद्याचा आहे. एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागले त्याला एफसीआर म्हणतात. समजा १.६० अपेक्षित होता आणि १.७५ आला. १० हजार किलो मालावर दीड हजार किलो खाद्य जास्त गेले. खाद्य ४० रुपये किलो धरले तर ६० हजार रुपये, म्हणजे किलोमागे ६ रुपये खर्च वाढला. त्यातला निम्मा बोजा शेतकऱ्यावर टाकण्याची अट असेल तर ७ रुपयांची मजुरी ४ वर आली. ७० हजारांचे ४० हजार झाले.

एफसीआर बिघडतो कशाने? शेतकऱ्याने भांड्यांची उंची नीट ठेवली नाही, लिटर ओले राहिले, पहिल्या दहा दिवसांत ऊब कमी पडली, तर बिघडतो. हे त्याच्या हातात आहे आणि त्याची कपात न्याय्य आहे. पण अशक्त पिल्ले आली, खाद्याचा कस कमी निघाला, तरीही बिघडतो, आणि ही पिल्ले व खाद्य कंपनीचेच असते. तिसरे कारण फार कमी लोक ध्यानात घेतात. पक्षी तयार झाले, परंतु बाजार मंद म्हणून गाडी आली नाही. दोन किलोच्या पुढे गेलेला पक्षी रोज दीड-पावणेदोनशे ग्रॅम खातो आणि खाल्ल्याच्या मानाने वजन कमी धरतो. आठ दिवस उशीर झाला तर पाच हजार पक्षी सहा-सात टन खाद्य जास्त खातात. वर उन्हाळा असेल तर रोज काही पक्षी दगावतात तेही सर्वांत मोठे, सर्वांत वजनदार. उशीर कंपनीचा, मरतूक शेतकऱ्याच्या खात्यावर.

गोंदियाचे हवामान या बाबतीत दोन्ही टोकांनी कठोर आहे. हिवाळ्यात विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियाचेच असते, आणि नुकत्याच आलेल्या पिल्लाला ३२-३३ अंश उबेची गरज असते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. ब्रॉयलर पक्ष्याला घाम येत नाही, धाप टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. दुपारी दोनला वीज गेली, फवारे व पंखे बंद पडले आणि जनरेटर नसला तर संध्याकाळपर्यंत कित्येक पक्ष्यांची रास पडते. चाळीस दिवसांची बॅच अडतिसाव्या दिवशी अशी जाते तेव्हा तिच्यात अडतीस दिवसांचे खाद्य गेलेले असते. कराराच्या नमुन्यात अशा उष्णतेच्या मरतुकीसाठी वेगळी सूट आहे काय, हे पाहिल्याशिवाय आपल्या जिल्ह्यात कोणी सही करू नये. तामिळनाडूच्या डोंगरपायथ्याला लावलेली मरतुकीची टक्केवारी मे महिन्यात तिरोडा-गोरेगावला लावणे हा हिशेब नव्हे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की करार वाईटच. तसे माझे मत नाही. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा मोबाईलवरून पसरली. ज्या पक्ष्याला किलोमागे सत्तर-ऐंशी रुपये खर्च आला होता त्याला शेडवर दहा-पंधरा रुपयेही मिळेनात. काही ठिकाणी लोकांनी पक्षी फुकट वाटले, काही ठिकाणी पुरले. स्वतःच्या पैशाने पिल्ले व खाद्य घेणारा शेतकरी त्या एका महिन्यात संपला. करारवाल्याच्या अंगावर ते नुकसान आले नाही, कारण पक्षी कंपनीचे होते. बाजारभावाचा धोका कंपनी उचलते हे खरे आहे आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यानंतर कंपन्यांनी पिल्ले टाकणे आखडते घेतले. शेडे रिकामी राहिली. म्हणजे बाजाराचा धोका करारवाल्यापर्यंत पोचलाच. फक्त भावाच्या रूपाने न येता रिकाम्या शेडच्या रूपाने आला, आणि दोन महिने उशिरा आला.

रोगाचेही तसेच. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो पक्षी मारण्यात आले आणि त्या भागातील शेडे महिनोन्महिने रिकामी राहिली. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. आपण म्हणू, नवापूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले, तेव्हा विदर्भाला दूर समजण्याचे कारण उरलेले नाही. आपल्याकडे तलाव भरपूर आणि नवेगावबांधसारख्या पाण्यावर दरवर्षी बाहेरचे पक्षी उतरतात, हेही लक्षात असू द्यावे. सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. शेड बंद राहिलेल्या महिन्यांची भरपाई कोणत्याही रकान्यात बसत नाही. बँक त्या महिन्यांचा हप्ता मात्र मोजते.

कायद्याचा आधार काय? केंद्राने २०१८ मध्ये करार शेतीचा एक आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला व त्यात पशुपालनालाही घेतले. तामिळनाडूने २०१९ मध्ये स्वतःचा कायदा केला. २०२० च्या केंद्रीय कायद्यातही कुक्कुटपालन होते आणि वसुलीसाठी शेतकऱ्याच्या जमिनीला हात लावता येणार नाही असे कलम होते, पण आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने तो कायदाच रद्द केला. कायदा असूनही प्रश्न सुटतो असे नाही. कायदा असलेल्या तामिळनाडूतच करारी शेतकरी मजुरी वाढवून मागण्यासाठी रस्त्यावर आले आहेत.

अमेरिकेत हा धंदा जुना असल्याने त्याची दुखणीही जुनी. तेथे एकाच आठवड्यात पक्षी देणाऱ्या शेतकऱ्यांची आपसांत स्पर्धा लावून मजुरी ठरवतात, म्हणजे शेजाऱ्याला चांगली पिल्ले मिळाली तर आपली मजुरी घटते. बऱ्याच तक्रारींनंतर तेथील कृषी खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक नियम काढला. त्यात कंपन्यांना बरीच माहिती आधी उघड करण्यास सांगितले आहे, पण माझ्या नजरेत भरली ती एक अट : वर्षातून कमीत कमी किती वेळा पिल्ले देणार आणि किती दाटीने देणार हे करारात लिहिलेच पाहिजे. तेथल्या शेतकऱ्यालाही अखेर याच खड्ड्याने घेरले होते.

आपल्याकडे सरकारने असे लिहून मागेपर्यंत शेतकऱ्याने स्वतः मागावे. एकटा मागेल तर कंपनीचा माणूस हसून दुसऱ्या गावाला जाईल, हे मी जाणतो. परंतु पिल्ले व खाद्याची गाडी एकट्या शेडसाठी लांब फिरवणे कंपनीलाही परवडत नाही. तिला एका टापूत दहा-वीस शेडे हवी असतात. दहा जणांनी मिळून वर्षाला किमान पाच बॅच लिहून मागितल्या आणि त्या न दिल्यास शेडचे काही तरी भाडे मागितले, तर बोलणे करावेच लागेल. पक्षी तयार झाल्यावर ठरावीक दिवसांत गाडी आली नाही तर त्यापुढचे खाद्य व मरतूक हिशेबात धरू नये, हेही त्याच बैठकीत मागावे. अमुक दिवस म्हणजे किती, तो आकडा लिहून घ्यावा. "लवकरच" हा शब्द करारात चालत नाही.

काही लहान गोष्टी, पण पैशाच्या. खाद्याचे पोते उतरवताना दहातले एक तरी वजन करून घ्यावे आणि चलनावर लिहावे. पक्षी उचलताना काटा कोणाचा आहे ते पाहावे. शक्यतो गावचा वे-ब्रिज वापरावा. पिल्ले आली त्या दिवशीच मेलेली व लुळी मोजून सुपरवायझरची सही घ्यावी, दुसऱ्या दिवशी ती तुमची मरतूक होते. खत शेतकऱ्याचे की कंपनीचे ते विचारावे. धानाच्या बांधीला ते सोने आहे. वादळात पत्रे उडाले तर नुकसान तुमचे, म्हणून शेडचा विमा वेगळा काढावा. २०२१ पासून ५,००० पेक्षा जास्त पक्ष्यांच्या फार्मलाही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांत आणले आहे, त्याची परवानगी कोण काढणार ते आधी ठरवावे. शेवटच्या पानावर वादासाठी न्यायालय कोणत्या शहराचे लिहिले आहे ते वाचावे. सालेकशाच्या माणसाने चाळीस हजारांसाठी परराज्यात वकील लावणे शक्य नाही.

आणि कोरा धनादेश. काही ठिकाणी तारण म्हणून सह्या केलेले कोरे धनादेश घेतात. धनादेश न वटणे हा कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रक्कम दुसऱ्याने भरायची आणि जबाब आपण द्यायचा, असा कागद कापड बाजारात सख्ख्या भावालाही कोणी देत नाही. द्यायचाच असेल तर रक्कम व कारण लिहून द्यावा आणि पोच घ्यावी.

कर्जाबद्दल एवढेच सांगेन. बँकेचा अधिकारी वर्षाला सहा बॅच धरून कागद तयार करतो, कारण कंपनीने दिलेल्या पत्रकात सहा असतात. तुम्ही घरी चार बॅच धरून तोच कागद पुन्हा करा. चार बॅचमध्ये हप्ता निघत नसेल तर शेड लहान बांधा किंवा मुदत वाढवून घ्या. जागा निवडताना आणि छप्पर उंच ठेवताना असाही विचार करा की रिकामे पडले तर त्यात धान ठेवता येईल, शेळ्या बांधता येतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी सहीची फार घाई करीत असेल तर त्याला सांगा, पहिली बॅच पावसाळा लागल्यावर. नवीन शेड, नवखा माणूस आणि मे महिना हे तिन्ही एकत्र आले की पहिल्याच हिशेबात खाते लाल होते, आणि ते फेडायला पुढच्या दोन बॅच जातात.